छायाचित्रणाचा सुलभकर्ता जॉर्ज ईस्टमन

गेल्या स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो हल्ली छायाचित्रकाराचा धंदा करितो, आपली सामग्री घेऊन आला होता. दोन दिवसांत त्याने हजारावर छायाचित्रे घेतली आणि सायंकाळी एका वर्गात संगणक मांडून तो ती नीटनेटकी करण्यास बसला. त्याच्या उजव्या हातात माऊस होता, हे मुलांना नवीन नव्हते. परंतु डाव्या हाताखाली तळहाताएवढी एक पेटी होती, तिच्यावर दहाबारा कळा व दोनतीन फिरत्या चकत्या होत्या, तिने मात्र सर्वांचे लक्ष वेधून घेतले. तिला की-पॅड म्हणतात. एक कळ दाबताच चित्र निवडले जाई, दुसरीने ते टाकाऊ ठरे, तिसरीने एका चित्रावर केलेली उजेडाची व रंगाची सुधारणा जशीच्या तशी पुढल्या चित्रावर उतरे, आणि चकती जराशी फिरविली की काळोखे तोंड उजळून निघे. यात विशेष हे की, कोणत्या कळेने कोणते काम करावे हे कारखान्याने कायमचे ठरवून दिलेले नसते. ज्याचे त्याने आपल्या कामाचा क्रम पाहून ते तिला नेमून द्यावयाचे असते. लांबलचक यादीत शोधून किंवा चार कळा एकदम दाबून जे करावे लागे, ते एका बोटाने होते. आणि जे काम पूर्वी दोन रात्री चाले, ते त्याने मध्यरात्रीच्या आत उरकले.

ते पाहून आठवीतल्या एका मुलाने विचारले की, ही युक्ती प्रथम कोणास सुचली? या पेटीपुरते पाहिले तर ती अनेकांच्या परिश्रमांचे फळ आहे, कोणा एकाचे नाव सांगता येणार नाही. परंतु छायाचित्रणातील पुष्कळ किचकट कृती एका कळेच्या पाठीमागे ठेवून ती कला सामान्य माणसाच्या हाती देण्याचा ध्यास ज्याने आयुष्यभर घेतला, त्या पुरुषाचे नाव जगप्रसिद्ध आहे. तो अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन होय. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि थांबून विचार करण्यासारखेही आहे.

जॉर्ज ईस्टमन याचा जन्म 12 जुलै 1854 रोजी न्यूयॉर्क संस्थानातील वॉटरव्हिल या लहान गावी झाला. त्याचा बाप रॉचेस्टर शहरी व्यापारी शिक्षणाची एक शाळा चालवीत असे. जॉर्ज आठ वर्षांचाही झाला नव्हता तोच, 1862 साली, बाप वारला व घरावर दारिद्र्याची छाया पडली. आई मराया हिने धीर सोडला नाही. तिने आपल्या राहत्या घरात भोजनासहित भाडेकरू ठेवले आणि त्यांचे रांधून, वाढून व धुऊन मुलांचे पोषण केले. दोन मुलींपैकी एकीला पोलिओने पांगळे केले होते, ती 1870 साली मरण पावली. आपली आई दुसऱ्यांची उष्टी काढते हे दृश्य त्या मुलाच्या मनावर कायमचे कोरले गेले. शाळा अर्धवट सोडून चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो एका विमा कचेरीत आठवड्यास 3 डॉलरवर हरकाम्या पोऱ्या म्हणून लागला. तेथेच तो पैन्‌पैचा हिशोब वहीत लिहून ठेवण्यास शिकला, व घरी येऊन रात्री स्वतःच्या बळावर हिशोबशास्त्राचा अभ्यास करू लागला. पुढे 1874 साली रॉचेस्टर येथील एका पेढीत आठवड्यास 15 डॉलरची कारकुनी त्यास मिळाली. आईचा भार हलका झाला. आणि पुष्कळांनी येथेच समाधान मानले असते.

वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी जॉर्जने सुटीत सांतो डोमिंगो बेटाकडे प्रवासास जाण्याचा बेत केला. एका सोबत्याने सुचविले की, प्रवासाची आठवण म्हणून छायाचित्रे काढावी. झाले! जॉर्जने सामग्री खरेदी केली आणि ती पाहून तो स्वतःच थक्क झाला. त्या काळी ओल्या काचेची पद्धत चालू होती. मोठ्या पेटीएवढा कॅमेरा, त्यास भक्कम तिवई, काचांची चळत, रसायनांच्या बाटल्या, टाकी, पाण्याचे भांडे आणि या सर्वांवर एक काळोखा तंबू, एवढे लटांबर बरोबर वागवावे लागे. तंबूत शिरून काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली आहे तोच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वी पुन्हा तंबूत धावत जाऊन ते उमटवावयाचे. क्षणभर उशीर झाला की सर्व श्रम फुकट जात. ही विद्या शिकण्यासाठी त्याने 5 डॉलर फी भरून शिकवणी ठेविली. सांतो डोमिंगोस तो गेलाच नाही. परंतु एवढ्या साध्या गोष्टीस एवढा खटाटोप का असावा, हा प्रश्न मात्र त्याच्या डोक्यातून जाईना.

विद्यार्थिमित्रांनो, येथे क्षणभर थांबा. तंबूचे ओझे त्या काळच्या हजारो छायाचित्रकारांनी पाहिले होते. ते त्यांनी धंद्याचा भाग म्हणून मुकाट्याने वाहिले, कित्येकांना तर त्याचा अभिमानही वाटे. ईस्टमन याने त्या ओझ्याकडे नव्या माणसाच्या नजरेने पाहिले आणि ते आवश्यक आहे हे मानण्याचे नाकारले. सुधारणेचा उगम बहुधा असाच होतो.

विलायतेतील मासिकांतून त्याने वाचले होते की, तेथील काही लोक जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा तयार करितात व त्या पुष्कळ दिवस टिकतात. मग त्याने आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग आरंभिले. दिवसा पेढीतली कारकुनी, रात्री चुलीवर रसायने. कित्येकदा थकून तो कपड्यांनिशी चुलीजवळच घोंगडीवर निजलेला आईला सकाळी आढळे. अखेर त्यास लेप साधला. तेवढ्यावर न थांबता काचांवर तो सारखा पसरणारे एक यंत्रही त्याने रचले. 1879 साली लंडनला जाऊन त्याने या यंत्राचे पेटंट घेतले, 1880 साली रॉचेस्टर येथे एक मजला भाड्याने घेऊन काचा विकण्यास प्रारंभ केला, आणि 1881 च्या आरंभी हेन्री स्ट्राँग नावाच्या गृहस्थाच्या भागीदारीने कंपनी स्थापिली. पेढीतील नोकरी त्याने त्याच साली सप्टेंबरात सोडली. तोपर्यंत तो दोन्ही कामे करीत होता, ही गोष्ट उतावळ्या तरुणांनी ध्यानात घ्यावी.

धंदा नुकताच बाळसे धरीत होता, इतक्यात संकट आले. दुकानांत पडून राहिलेल्या काचा निकामी ठरू लागल्या. विकलेला माल परत घेणे कायद्याने बंधनकारक होते असे नाही. शिवाय हातात पैसाही फार नव्हता. तरी ईस्टमन याने सर्व खराब काचा परत घेतल्या व बदली चांगल्या दिल्या. पुढे नव्या काचाही बिघडू लागल्या. कारण सापडेना, तेव्हा त्याने कारखाना बंद ठेवून शेकडो प्रयोग केले, अखेर इंग्लंड गाठले, आणि दोष जिलेटिनमध्येच असल्याचा शोध लाविला. या प्रसंगी त्याची तिजोरी रिकामी झाली, पण नावलौकिक शिल्लक राहिला, व पुढील सारी इमारत त्याच पायावर उभी राहिली.

आता त्याचे लक्ष काचेकडे वळले. काच जड व फुटकी. तिच्याऐवजी गुंडाळता येईल असा पदार्थ हवा होता. प्रथम कागदाची पट्टी वापरून पाहिली. मग 1888 साली त्याने तो प्रसिद्ध कॅमेरा बाजारात आणिला, ज्याचे नाव कोडॅक. हा शब्द कोणत्याही भाषेतला नाही. त्यास क या उच्चाराचे अक्षर आवडे, आणि आईच्या माहेरच्या आडनावाचा आरंभही त्याच अक्षराने होत असे. म्हणून आदी-अंती तेच अक्षर ठेवून त्याने हा लहान, उच्चारास सोपा शब्द घडविला. पेटीची किंमत 25 डॉलर. तिच्यात 100 चित्रांची पट्टी आधीच भरलेली असे. दोरी ओढावी, कळ दाबावी, किल्ली फिरवावी, एवढ्या तीन कृतींत एक चित्र होई. शंभर संपली की सबंध पेटी टपालाने रॉचेस्टर येथे धाडावयाची. 10 डॉलरमध्ये कारखाना चित्रे धुऊन, छापून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देई व पेटी नव्या पट्टीने भरून परत पाठवी. चित्रे वाटोळी, अडीच इंच व्यासाची असत. काळोख्या तंबूतील सारी विद्या आता एका कळेमागे गेली होती.

तथापि ती विद्या नाहीशी झाली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ग्राहक एक कळ दाबीत असे, तेव्हा दूर रॉचेस्टर येथे कितीतरी स्त्री-पुरुष काळोख्या खोल्यांत उभे राहून त्याची पट्टी कापीत, धूत, वाळवीत व छापीत असत. श्रम वाचले असे आपण म्हणतो, तेव्हा ते पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती गेलेले असतात. आज संगणकात एका कळेने रंग सुधारतो, त्यामागेही कोणी वर्षानुवर्षे बसून लिहिलेले गणित असते. सोय भोगणाऱ्याने त्या न दिसणाऱ्या हातांचे स्मरण ठेवावे, हे ख्रिस्ती शाळेत शिकणाऱ्या मुलांना निराळे सांगावयास नको.

यानंतरची हकिकत आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो. कारण थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना तीच बहुधा गाळली जाते. न्यू जर्सी संस्थानात न्यूअर्क शहरी रेव्हरंड हॅनिबल गुडविन नावाचे एपिस्कोपल मंडळीचे एक वृद्ध पाळक होते. पवित्र शास्त्रातील कथा मुलांना चित्रांनी दाखवाव्या अशी त्यांना हौस. परंतु काचेची चित्रे फुटत व जड होत. म्हणून त्यांनी आपल्या घराच्या माळ्यावर अनेक वर्षे खटपट करून सेल्युलोज नायट्रेटची पारदर्शक, लवचीक फिल्म तयार केली आणि 2 मे 1887 रोजी पेटंटसाठी अर्ज केला. अर्जावर हरकतींमागून हरकती निघत गेल्या. इकडे ईस्टमनचा रसायनज्ञ हेन्री रायकेनबाक याने तशीच फिल्म सिद्ध केली, तिचे पेटंट 1889 साली मिळाले, आणि ईस्टमनच्या कंपनीने ती लाखो फूट विकली. गुडविन यांना त्यांचे पेटंट मिळाले ते 1898 साली, अकरा वर्षांनी. ते 1900 सालच्या अखेरच्या दिवशी वारले. त्यांचे पेटंट ज्या कंपनीकडे गेले होते तिने कोडॅक कंपनीवर दावा चालविला. न्यायालयाने गुडविन यांचा हक्क खरा ठरविला, आणि 1914 साली कोडॅक कंपनीस 50 लाख डॉलर भरावे लागले. ज्या पाळकाने मुलांसाठी हा उद्योग आरंभिला होता, तो हा दिवस पाहण्यास उरला नव्हता.

ईस्टमनने जाणूनबुजून चोरी केली असे आम्ही म्हणत नाही. एकच कल्पना दोन ठिकाणी उगवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु बाजारपेठ एकट्याच्या मुठीत ठेवण्याचा हव्यास त्याच्या कंपनीस होता, हे 1915 साली अमेरिकन न्यायालयाने निराळ्या खटल्यातही सांगितले. उद्योग, काटकसर, चिकाटी हे गुण अंगी असूनही दुसऱ्याचे श्रेय त्यास वेळेवर देणे माणसाला किती जड जाते, हे येथे दिसते. मित्राच्या वहीतील उत्तर आपले म्हणून दाखविणाऱ्या मुलास हे फार दूरचे वाटू नये.

या फिल्मपट्टीचा आपल्याशीही संबंध आहे. काचेच्या तुकड्यांवर चलच्चित्रे घेणे अशक्यच होते. लांब पट्टी मिळाल्यावरच एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील व इतरांची यंत्रे चालू लागली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके, जे एके काळी स्वतः छायाचित्रकार होते, त्यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि त्याच पडद्यासमोर आपल्या देशातील पुराणकथा असे दाखविण्याचा निश्चय केला. त्यांचा राजा हरिश्चंद्र 1913 साली लोकांपुढे आला. वृद्ध गुडविन यांनी शास्त्रकथांसाठी जी लवचीक पट्टी शोधिली, तशाच पट्टीवरून ख्रिस्तचरित्र मुंबईस आले व मराठी माणसाच्या हातून हिंदी चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला. परमेश्वर एकाच्या श्रमांचे फळ कोणत्या देशी कोणाच्या ओंजळीत घालील, हे सांगता येत नाही.

इकडे 1900 साली ईस्टमनने ब्राउनी नावाचा कॅमेरा काढला. त्याची किंमत अवघा 1 डॉलर. तो मुलांसाठी होता. छायाचित्र ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती, ती आता मजुराच्या घरी आली. आणि लोक प्रथमच आपल्या हसत्या मुलांची, अंगणातल्या कुत्र्याची, सहलीतल्या जेवणाची चित्रे काढू लागले.

अमाप संपत्ती मिळाल्यावर ईस्टमनने काय केले? तो अविवाहित राहिला. आईची त्याने अखेरपर्यंत सेवा केली. ती 1907 साली वारली. कामगारांना 1912 पासून नफ्याचा वाटा देण्याची पद्धत त्याने घातली व 1919 साली आपल्या मालकीच्या शेअरांचा मोठा हिस्सा त्यांच्यासाठी दिला. मॅसेच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयास त्याने एकंदर सुमारे 2 कोटी डॉलर दिले. परंतु कित्येक वर्षे दात्याचे नाव मिस्टर स्मिथ एवढेच सर्वांस ठाऊक होते. खरे नाव 1920 साली प्रगट झाले. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये या प्रभूच्या शिकवणीचे हे एक उदाहरण म्हणता येईल. नीग्रो बांधवांसाठी स्थापिलेल्या टस्कीगी व हॅम्प्टन या संस्थांना त्याने मोठ्या देणग्या दिल्या, रॉचेस्टर येथे संगीतविद्यालय उभारिले, आणि गरीब मुलांच्या दातांसाठी रॉचेस्टर, लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स व स्टॉकहोम येथे दवाखाने स्थापिले.

त्याचा अंत मात्र दुःखद झाला. म्हातारपणी त्याच्या कण्यास असाध्य दुखणे जडले, उठणे-बसणे कठीण झाले, आणि 14 मार्च 1932 रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने आपल्या हातांनी आपले जीवन संपविले. मुलांसाठी लिहिताना हे झाकून ठेवावे काय, याचा आम्ही विचार केला. पण अर्धे सत्य सांगणे आम्हांस योग्य वाटले नाही. त्याचा न्याय करणे आमच्याकडे नाही. तो करणारा दयाळू आहे. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्याने इतरांचे कष्ट हलके करण्यात आयुष्य वेचिले, त्याच्या वेदनेचा भार वाटून घेणारे कोणी त्या क्षणी जवळ नव्हते. ज्यास दुःख असह्य होईल त्याने, मग तो वृद्ध असो की विद्यार्थी, ते आईबापांस, शिक्षकांस, पाळकांस किंवा मित्रास सांगावे. सांगण्यात कमीपणा नाही. आणि आपण, विशेषतः पालकांनी, ऐकण्यास वेळ काढावा. यंत्रांनी वाचविलेला वेळ याहून चांगल्या कामी लागणार नाही.

ईस्टमनच्या कंपनीची पुढील कथा थोडक्यात सांगतो. फिल्मशिवाय चित्र घेणारा पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा 1975 साली तिच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने तयार केला. परंतु फिल्मच्या नफ्याची सवय झालेल्या कंपनीने घरात जन्मलेल्या त्या बाळाचे मोल वेळेवर ओळखिले नाही, आणि जानेवारी 2012 मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. ज्याच्या संस्थापकाने जुन्या ओझ्याकडे नव्या नजरेने पाहिले, तोच कारखाना स्वतःच्या फिल्मचे ओझे टाकू शकला नाही.

आता पुन्हा त्या लहान पेटीकडे वळू. आमच्या माजी विद्यार्थ्यास मुलांनी विचारले की, एवढ्या कळा असल्यावर तुम्हांला करावयास काय उरते? त्याने एक चित्र दाखविले. धावण्याच्या शर्यतीत एक मुलगी पडली होती व दुसरी थांबून तिला उठवीत होती. चित्र थोडे अंधुक होते. नुसत्या कळेवर सोपविले असते तर ते टाकाऊत गेले असते. त्याने ते ठेविले. त्याचे म्हणणे असे की, पेटीमुळे पूर्वी कंटाळवाण्या कामात जाणारे तास वाचले, म्हणूनच अशा एका चित्राजवळ थांबण्यास त्यास सवड मिळाली. ते चित्र या अंकात घेतले आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हाती ईस्टमनच्या स्वप्नातही नसतील अशी साधने आली आहेत. ती जरूर वापरा; कंटाळवाणे काम हलके करणे हे पाप नव्हे. परंतु कळेने काय करावे हे आधी तुम्ही ठरवावयाचे असते, आणि ते ठरविण्यासाठी ते काम एकदा तरी स्वतःच्या हातांनी करून कळलेले असावे लागते. ईस्टमनने ओल्या काचेची विद्या फी भरून शिकून घेतली होती, म्हणूनच तिच्यातील अनावश्यक काय ते त्यास दिसले. वाचलेला वेळ कोणाच्या उपयोगी पडला याचा हिशोब प्रत्येकास द्यावा लागतो. तो हिशोब आपल्या शाळेच्या मुलांना आनंदाने देता यावा, हीच प्रभुचरणी प्रार्थना.